पाय हस्तकाचे, नाक कुत्र्याचे: पोलीस श्वानाला आज्ञापालन शिकवताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात मी लहान असताना एक अल्सेशियन होता. आजी त्याला मराठीत 'बस' म्हणायची आणि तो बसायचा. दूधवाला पातेल्यात दूध ओतू लागला की आई हिंदीत म्हणायची, 'बस भैया, बस', तेव्हाही तो बसायचा. पुढे पुढे तो कुणाच्याच 'बस'ला बसेना. आजी म्हणाली, वय झालं तसा हट्टी झाला. मी मोठेपणी पोलिसांच्या श्वान पथकात लागलो, तेव्हा कळलं की त्या बिचाऱ्यावर अन्याय झाला होता. एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले, एकावर शाबासकी मिळायची आणि दुसऱ्यावर काहीच नाही. त्याच्या लेखी तो शब्द पंख्याच्या आवाजासारखा झाला.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ही अडचण आजही आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पथकातला कुत्रा सांभाळणाऱ्या आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या पोलिसाला महाराष्ट्रात श्वान हस्तक म्हणतात, इकडे डॉग मास्टर म्हणतात. ते काम मी सव्वीस वर्षं केलं आणि चार कुत्री हाताखालून गेली. हा लेख पथकात नव्याने आलेल्या शिपायांसाठी आहे, तसाच घरी शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉर आणून 'पोलिसांच्या कुत्र्यासारखा ऐकेल का' असं विचारणाऱ्यांसाठीही. हल्ला करणं, चावा धरणं यातलं काहीही इथे सांगणार नाही. ते काम प्रशिक्षकाच्या नजरेखालीच व्हायला हवं आणि घरच्या कुत्र्याला ते कधीही शिकवू नये.

मापदंड कुठले

हे शास्त्र शिकायला ग्वाल्हेरकराला फार लांब जावं लागत नाही. झाशी रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर टेकनपूर आहे. तिथल्या सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत १९७० पासून श्वानांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे आणि कितीतरी राज्यांच्या पोलिसांचे कुत्रे व हस्तक तिथे जोडीने शिकून गेले आहेत. मध्य प्रदेश पोलिसांचं केंद्र भोपाळला २३ व्या बटालियनमध्ये आहे, महाराष्ट्राचं पुण्याला आणि सैन्याचं मेरठला. प्रत्येक ठिकाणची पद्धत थोडी वेगळी असायची. २०१९ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयात पोलीस श्वानांसाठीचा के-९ सेल सुरू झाला, तेव्हापासून देशभर एकसारखे निकष असावेत याकडे अधिक लक्ष जाऊ लागलं.

आज्ञापालनाच्या परीक्षेत कुठेही गेलात तरी मुख्य गोष्टी त्याच असतात. कुत्रा हस्तकाच्या डाव्या गुडघ्याशी चालतो का, आधी पट्ट्यासह आणि मग पट्ट्याविना. चालता चालता सांगितल्यावर बसतो का, आडवा होतो का. हस्तक दूर गेला, नजरेआड झाला तरी जागेवर राहतो का. एका हाकेत येतो का. वस्तू उचलून हातात देतो का. अडथळे पार करतो का. परक्याच्या हातचं खाणं नाकारतो का. गोळीच्या आवाजाला बिचकतो का. युरोपातून आलेल्या आयजीपी या परीक्षेचे माग, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग आहेत. प्रत्येकाला १०० गुण, आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे निदान ७० मिळवावे लागतात. एका भागातली कमतरता दुसऱ्यात भरून निघत नाही. त्याआधी जी प्राथमिक परीक्षा असते, तिला बसायला कुत्रा किमान १५ महिन्यांचा लागतो.

या परीक्षांमधली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. कुत्र्याने सगळं बरोबर केलं, पण कान पाडून, शेपूट पायात घालून, दबून केलं, तर गुण कापले जातात. आमच्या सुरुवातीच्या काळात दबलेल्या कुत्र्याला 'शिस्तीचा' म्हणत. तो शिस्तीचा नसतो, घाबरलेला असतो, आणि घाबरलेला कुत्रा गर्दीत काय करेल याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.

निवड: पिल्लू बघताना

जातीवर लोक तासन्‌तास बोलतात. मी थोडक्यात सांगतो. वासाच्या कामाला लॅब्रॅडॉर उत्तम, कारण त्याची भूक आणि माणसांबद्दलचा लोभ दोन्ही कामी येतात. मागासाठी आणि बहुतेक सगळ्यासाठी जर्मन शेफर्ड. बेल्जियन मॅलिनॉय चपळ आणि तापट असतो, त्याला नवशिक्या हस्तक झेपत नाही. डोबरमनही मागाला चांगला. देशी जातींना आम्ही फार काळ कमी लेखलं. २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाच्या रिया नावाच्या मुधोळ कुत्रीने ११६ परदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकलं. सर्वोत्तम ट्रॅकर आणि मेळाव्यातला सर्वोत्तम श्वान, हे दोन्ही मान तिने मिळवले. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जपलेली ही जात, आपल्याकडचा कारवान. बातमी वाचली तेव्हा मला फार आनंद झाला.

जातीपेक्षा स्वभाव बघा. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाजवळ किल्ल्यांचा जुडगा टाका. दचकणं चालेल, पण दचकून झाल्यावर ते जुडग्याकडे वास घ्यायला येतं का? गुळगुळीत फरशीवर, पत्र्यावर, जाळीवर चालवून बघा. मोठं पिल्लू असेल तर चेंडू उंच गवतात फेका आणि घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटात शोध सोडून तुमच्याकडे परत येणारं पिल्लू घरासाठी छान. चेंडू मिळेपर्यंत गवत न सोडणारं पथकासाठी. शेफर्ड आणि लॅब्रॅडॉरच्या बाबतीत आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे मागा. खुब्याचा दोष आनुवंशिक असतो आणि तो सहसा शिकवून झाल्यावर वर येतो.

पहिले पंधरा दिवस एकही आज्ञा नाही

नवा शिपाई कुत्रा हातात आला की त्याच दिवशी 'सिट, सिट' सुरू करतो. कृपा करून थांबा. पहिले दोन आठवडे कुत्र्याला खायला तुम्हीच द्या, फिरवा तुम्हीच, विंचरा तुम्हीच. रोज वीस मिनिटं ब्रश आणि कंगवा चालवायचा. केस चमकावेत हा त्यातला लहान भाग. हात फिरता फिरता गोचीड सापडते, कानातला घाण वास कळतो, पंजातला काटा लागतो, कुठे दाबल्यावर तो अंग आक्रसतो ते समजतं. पुढे कधी तो अचानक 'आडवा हो' ऐकेनासा झाला, तर ते कोपर दुखतंय म्हणून की मन लागत नाही म्हणून, हे तुम्हाला बोटांनी ओळखता आलं पाहिजे.

याच दिवसांत त्याचं नाव पक्कं करा. नाव उच्चारलं, त्याने बघितलं, तोंडात घास. दिवसातून पन्नास वेळा. रागावताना नाव कधीही घेऊ नका.

शब्द ठरवा आणि कागदावर लिहा

आता ते 'बस'चं प्रकरण. घरात किंवा पथकात जितकी माणसं कुत्र्याशी बोलणार, तितक्यांना बसवून एक यादी करा आणि भिंतीवर लावा. पोलीस पथकांत बहुतेक शब्द इंग्रजीच असतात, 'सिट, डाउन, स्टे, हील, कम', आणि त्याचं कारण सोपं आहे. कुत्रा ग्वाल्हेरहून बालाघाटला गेला, हस्तक बदलला, तरी शब्द तेच राहतात. शिवाय ते शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात फारसे येत नाहीत. घरी तुम्ही मराठी शब्दही ठेवू शकता, पण ते बोलण्यात सहज येणारे नसावेत. 'ये' आणि 'चल' आपण दिवसभर वापरतो. 'बस' तर ग्वाल्हेरमध्ये मुळीच नको.

एक शब्द, एकदा, साध्या आवाजात. 'सिट... सिट... अरे सिट म्हटलं ना!' असं शिकवलं तर कुत्रा तिसऱ्या 'सिट'ला बसायला शिकतो, आणि चूक त्याची नसते.

बक्षिसाची वेळ सगळ्यात महत्त्वाची. त्याचं अंग जमिनीला टेकलं की एका सेकंदाच्या आत 'शाबाश', आणि लगेच घास किंवा चेंडू. दोन-तीन सेकंद उशीर झाला, तोवर तो उठलेला असतो आणि शाबासकी उठण्याला मिळते. सुरुवातीला प्रत्येक वेळी द्या. जमू लागलं की कधी पहिल्यांदा, कधी चौथ्यांदा. पुढच्या वेळी मिळेल का, या उत्सुकतेत तो जास्त मनापासून काम करतो.

चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, तिच्याबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. आमच्या पिढीने तिच्यावरच शिकवलं, मीही दोन कुत्रे तिच्यावर शिकवले. झटक्याने कुत्रा लवकर बसतो हे खरं. पण श्वासनळीला इजा होऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या मनात झटका, तुम्ही आणि समोर दिसणारं माणूस हे सगळं एकत्र जुळतं. आज मी रुंद चामडी पट्टा आणि छातीभोवती बांधायचा हार्नेस याशिवाय काही घालत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या कुत्र्याचं आज्ञापालन पहिल्या दोघांपेक्षा पक्कं होतं.

पाच आज्ञा

रोज दहा-दहा मिनिटांच्या तीन बैठका पुरतात. अर्धा तास सलग घेतला तर शेवटची पंधरा मिनिटं दोघंही चुका पाठ करता.

बसणं सगळ्यात सोपं. घास नाकासमोरून डोक्याकडे न्या, मान वर जाते, बूड खाली येतं. त्याच क्षणी शब्द. आडवं होणं याला मात्र आठवडा द्या. घास दोन पुढच्या पायांमधून जमिनीकडे आणि मग थोडा पुढे. खांदे दाबून खाली पाडू नका, दाबलं की कुत्रा उलटा जोर लावतो. ही आज्ञा पुढे जीव वाचवणारी ठरते. रस्त्यापलीकडे असलेल्या कुत्र्याला मधे ट्रक येताना बोलावायचं नसतं, जागीच आडवं करायचं असतं.

डावीकडून चालणं, म्हणजे 'हील'. उजवा हात शस्त्रासाठी मोकळा राहावा म्हणून कुत्रा डाव्या बाजूला, अशी जगभरची रीत आहे. घास डाव्याच हातातून, डाव्या गुडघ्याशीच द्या. उजव्या हाताने दिलात तर कुत्रा तुमच्या पुढून आडवा येऊन चालायला शिकेल. पट्टा इतका ढिला की मधे झोळ पडलेला दिसावा. तो ओढू लागला की तुम्ही खांबासारखे थांबा. झोळ परत पडला की चाला. पहिल्या दिवशी शंभर पावलांना पंधरा मिनिटं लागतील. लागू द्या. मग सावकाश, नेहमीची आणि धावती अशा तीन चाली, आणि अचानक मागे वळणं. पट्ट्याविना चालण्याची घाई नको. पट्टा खांद्यावर टाकून, मग जमिनीवर लोळता ठेवून, मग काढून.

जागेवर थांबणं ही आज्ञापालनाची खरी परीक्षा आहे, म्हणून इथे जरा जास्त सांगतो. यात तीन गोष्टी वाढवायच्या असतात: वेळ, अंतर आणि व्यत्यय. एका वेळी एकच वाढवा. एक पाऊल दूर पाच सेकंद, मग दहा, मग वीस. वीस सेकंद जमले म्हणून पाच पावलं दूर जाल, तेव्हा वेळ पुन्हा पाच सेकंदांवर आणा. सलग तीनदा जमलं तर पुढची पायरी, सलग दोनदा चुकलं तर मागची. आणि बक्षीस द्यायला तुम्ही त्याच्याकडे परत जा. थांबलेल्या कुत्र्याला दरवेळी हाक मारून बोलावलंत, तर तो थांबताना मनातल्या मनात धावायची तयारी करत राहतो आणि एक दिवस हाकेआधीच सुटतो. दहा थांबण्यांमधून एकदाच हाक मारा. माझं स्वतःचं माप असं होतं: मी भिंतीआड, पाच मिनिटं, समोरून सायकल गेलेली, एक अनोळखी माणूस जवळून चालत गेलेला, आणि कुत्रा आहे तिथेच.

बोलावणं. दहा मीटरच्या लांब दोरीवर शिकवा. हाक एकदाच. नाही आला तर दोरी अलगद ओढा, आणि तो निघाला की मागे मागे सरका, कुत्रा दूर जाणाऱ्याकडे धावतो. आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नका. तासभर भटकून आला असला, तुमच्या मनात संताप असला तरी नाही. औषध पाजायला, आंघोळीला, कोंडायला हाक मारू नका, उठून त्याच्यापर्यंत जा. हाकेचा शेवट चांगलाच होतो, हा विश्वास एकदा तुटला की परत बांधायला महिने लागतात.

नाकारणं आणि सोडणं

परक्याचं खाणं नाकारणं हा विषप्रयोगापासूनचा बचाव आहे. आधी तुमच्या बंद मुठीत घास ठेवा. तो मुठीला चाटेल, नाक खुपसेल, पंजा मारेल. ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल, त्या क्षणी दुसऱ्या हातातून त्याहून चांगला घास. मग उघडा तळहात, मग जमिनीवर टाकलेला तुकडा, मग ओळखीच्या माणसाच्या हातातला, शेवटी अनोळखी माणसाच्या. आमच्याकडे ही पायरी अवघड जाते, कारण लष्करच्या गल्लीत प्रत्येक जण कुत्र्याला बिस्कीट टाकतो. शेजाऱ्यांना हात जोडून सांगा, महिनाभर मदत करा म्हणून.

तोंडातलं सोडणंही अदलाबदलीने शिकवा. एक चेंडू सोडला की दुसरा मिळतो. हिसकावून घेतलंत तर जबडा घट्ट होतो.

गर्दी, फटाके, जाळीच्या पायऱ्या

मैदानावर गुणवान असलेला कुत्रा ग्वाल्हेरच्या गजबजलेल्या महाराज बाड्याच्या चौकात दिवाळीच्या संध्याकाळी तसाच राहील असं समजू नका. कुत्रा आज्ञा त्या जागेसकट शिकतो. म्हणून मैदानावर पक्कं झालेलं पुन्हा पहिल्या पायरीपासून गल्लीत, मग बाजारात, मग स्टेशनच्या पुलावर घ्यावं लागतं. दरवेळी कमी वेळ लागतो, पण पायऱ्या गाळता येत नाहीत.

ग्वाल्हेरचा मेळा, १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला, ही यासाठी देणगीच आहे. पाळणे, भोंगे, भज्यांचा वास, मुलांची रडारड, सगळं एका जागी. पहिल्या दिवशी फाटकापासून दोनशे मीटर दूर बसा आणि कुत्रा निवांत खातोय का बघा. खाणं हे तुमचं मोजमाप आहे. आवडता घास तोंडात घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आलात. रोज थोडं पुढे. गोळीच्या आवाजाचंही तसंच: आधी दुरून, चेंडूच्या खेळात गुंतलेला असताना. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या शेजारी पिल्लाला पहिल्याच दिवशी नेऊन 'सवय होईल' म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. सवय होत नाही, भीती कायमची बसते.

अडथळ्यांबद्दल एकच सांगतो. वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत उंच उड्या मारू देऊ नका, हाडांची वाढ सुरू असते.

नाकाला आज्ञा देऊ नका

इथपर्यंत सगळं पायांचं झालं. वास घेणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आज्ञापालनाला एक हद्द आहे, आणि ती मी फार उशिरा शिकलो.

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात, कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटी. शिकवण्याची पद्धत सांगायला सोपी आहे. ठरलेला वास एका डब्यात, शेजारी चार रिकामे डबे. कुत्रा त्या डब्याशी रेंगाळला की चेंडू. हळूहळू त्याला 'सापडलं' हे सांगायची खूण शिकवायची. स्फोटकांच्या कुत्र्याने शांत बसायचं, कारण पंजा मारला तर अनर्थ होईल. अमली पदार्थांचा कुत्रा भुंकला, खरवडलं तरी चालतं. वासाचे नमुने हाताळताना हातमोजे बदला आणि रिकाम्या डब्यांनाही तितकाच हात लावा. नाहीतर कुत्रा तुमच्या बोटांचा वास शोधायला शिकेल.

बिजली नावाची माझी लॅब्रॅडॉर होती. आज्ञापालनात तिच्यासारखी दुसरी मी पाहिली नाही, डोळ्याच्या इशाऱ्यावर बसायची. एकदा बस स्टँडवर तपासणी सुरू होती. एका जुन्या सुटकेसबद्दल मला शंका आली आणि मी त्या सुटकेसपाशी अर्धं पाऊल अडखळलो. बिजली बसली. सगळा स्टँड रिकामा करून ती बॅग उघडली. आत धोतरं आणि औषधं. ज्यांची बॅग होती ते वयस्कर गृहस्थ शंभर माणसांसमोर थरथरत उभे होते. मी त्यांची माफी मागितली. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण मला समजलं होतं की बिजलीने वास घेतलाच नव्हता. तिने माझं पाऊल वाचलं होतं. मीच तिला इतकं आज्ञाधारक केलं होतं की माझी शंका तिला आज्ञा वाटली.

२०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हेच तपासून पाहिलं. कुत्रा आणि हस्तक अशा १८ जोड्यांनी अशा खोल्यांत १४४ वेळा शोध घेतला जिथे कुठलाच वास ठेवलेला नव्हता, पण हस्तकांना सांगितलं होतं की असू शकतो. फक्त २१ शोध बिनचूक निघाले. बाकी सगळ्यांत एकदा तरी 'सापडलं' अशी नोंद झाली. कुत्रे वाईट नव्हते. हस्तकाच्या अपेक्षेला ते उत्तर देत होते.

त्यानंतर मी दोन नियम केले, तुम्हीही करा.

पहिला: आठवड्यातून निदान एकदा असा सराव घ्या की नमुना कुठे आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि सोबत चालणाऱ्यालाही नाही. लपवणारा मैदानाबाहेर जाऊन बसतो. काही फेऱ्यांत नमुना मुळीच ठेवायचा नाही. 'इथे काही नाही' हेही उत्तर बरोबर असतं, आणि त्यालाही चेंडू मिळाला पाहिजे, ठरलेल्या जागी, फेरी संपल्यावर. संशयित वस्तूपाशी चाल बदलू नका, पट्टा आखडू नका, श्वास रोखू नका. मित्राला मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि रात्री स्वतःचे पाय बघा.

दुसरा: शोधाचा शब्द दिला की 'हील' संपलं. त्यानंतर फक्त दोन आज्ञा चालतात, जागी थांबणं आणि परत येणं. एका सरावात बिजली आखलेल्या हद्दीबाहेर, वाऱ्याच्या दिशेने मला ओढत होती. मी 'हील' म्हटलं आणि ती मुकाट्याने माझ्या गुडघ्याशी आली. नमुना हद्दीबाहेरच्या मोटारसायकलच्या डिकीत होता. सहकाऱ्याने मुद्दाम तिथे ठेवला होता. तिचं नाक बरोबर होतं, तिला चुकवलं मी. वास घेताना पट्टा तिने ओढायचा आणि आपण मागे जायचं. शोध संपल्याचा वेगळा शब्द ठेवा, आणि तो उच्चारला की पुन्हा डावा गुडघा. हार्नेस चढवला की नाकाचं काम, गळ्याचा पट्टा लावला की पायांचं, एवढा फरक ठेवला तरी कुत्रा आठवड्यात समजतो.

नोंदवही

दर दिवसाची नोंद ठेवा: वेळ, जागा, हवा, वारा, काय शिकवलं, किती वेळा चुकला, नमुना कुठे होता, खोटी खूण किती वेळा दिली. अमेरिकेतल्या मार्गदर्शक निकषांत शोध श्वानाच्या जोडीला महिन्याला निदान १६ तास सराव सांगितला आहे आणि प्रमाणपत्रासाठी निदान ९० टक्के अचूकता मागितली आहे. आपल्याकडे बंदोबस्त वाढला की सराव बुडतो. पण आठवड्याचे चार तास हे काही अशक्य नाहीत, आणि ते बुडाले की महिन्याभरात फरक दिसतो.

वहीचं आणखी एक कारण आहे. आपल्या न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे की कुत्र्याने काढलेला माग तपासाला दिशा देतो, पण तेवढ्या एका गोष्टीवर कुणाला दोषी धरता येत नाही. कुत्र्याची उलटतपासणी होत नाही, उभं राहावं लागतं हस्तकाला. तेव्हा वकील विचारतो, हा कुत्रा कधी चुकला का? जो हस्तक 'कधीच नाही' म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास बसणार नाही. वहीतलं पान उघडून 'या दिवशी, अशा कारणाने' असं सांगता यायला हवं.

ग्वाल्हेरचं ऊन

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत सराव पहाटे साडेचारला सुरू आणि साडेसहाला बंद. माग काढायलाही पहाटच चांगली, वारा पडलेला असतो, वास जमिनीलगत राहतो. डांबरावर उलटा तळहात सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यालाही सोसणार नाही.

कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात. जीभ जाडसर आणि गडद लाल, लाळ चिकट, चाल अडखळती दिसली की सराव तिथेच थांबवा. सावलीत न्या, पोट, काखा, पाय यांवर नळाचं पाणी सोडत राहा, वारा घाला आणि तसंच ओलं करत पशुवैद्यांकडे न्या. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. आज्ञाधारक कुत्र्याबाबत हा धोका जास्त असतो, कारण तुम्ही थांबा म्हणेपर्यंत तो थांबत नाही.

निवृत्तीनंतर

आठ-दहा वर्षांचा झाला की कुत्रा सेवेतून निघतो. हस्तकाला घरी नेता येत असेल तर त्याने न्यावा, अर्ज वेळेत करावा. पण घरी आणल्यावर एकदम काम बंद करू नका. बिजली घरी आली तेव्हा पहिला महिनाभर रोज पहाटे दारात येऊन बसायची आणि खुंटीवरच्या हार्नेसकडे बघायची. मी तिला फिरायला नेत होतो, खायला चांगलं देत होतो, तरी ती उदास. मग मी निरुपद्रवी असा एक वास निवडला, मसाल्याच्या डब्यातली लवंग. कापडात बांधून वाड्यात कुठेतरी लपवायला नातीला सांगायचो, मला न सांगता. हार्नेस चढवायचा, शोधाचा शब्द द्यायचा आणि मागे चालायचं. पायऱ्या चढताना तिला धाप लागायची, मी थांबायचो, ती थांबायची नाही. तुळशीवृंदावनामागे, चपलांच्या कपाटात, आजीच्या जुन्या पितळी घंगाळात ती लवंग सापडली की बिजली बसायची आणि माझ्या चेंडूकडे बघायची.